जूनचा दुसरा रविवार

मी भिंतीवरचा तक्ता बोलतोय. नाव वॉल प्लॅनर, अंगावर सप्टेंबर ते ऑगस्ट असे बारा महिने, आणि दर दिवसाला एक चौकोन. इथे इंग्लंडात शाळांचं वर्ष असंच चालतं, म्हणून माझंही तसंच. शाळेत मी पुष्कळ उशिरा आलो. जे काही शिकलो ते त्याआधी, स्लाऊच्या एका दुकानात, पुरुषोत्तमकाकांच्या हाताखाली.

काकांच्या दुकानात तूरडाळीपासून वाढदिवसाच्या कार्डांपर्यंत सगळं मिळायचं. मी गुंडाळी होऊन पाकिटांच्या वरच्या फळीवर पडून असायचो, कान उघडे ठेवून. एकदा एक बाई केकवरच्या मेणबत्त्या मागायला आल्या. माल होता, पण मागच्या खोलीत, दहा खोक्यांच्या खाली. शशीकाकू म्हणाल्या, "मंगळवारी बाहेर लावणार आहोत, तेव्हा या." काकांनी चष्मा काढून ठेवला आणि खोकी उपसायला लागले. बाई गेल्यावर काकूंना म्हणाले, "अगं, मंगळवारी आपण फळी लावू. तिच्या पोराचा वाढदिवस मंगळवारी आहे का, हे विचारलंस?"

त्या दिवशी मी एवढंच शिकलो. गिऱ्हाईक काय मागतंय हे तर ऐकायचंच, पण कधीपर्यंत मागतंय तेही विचारायचं. नंतर आयुष्यात हे शिक्षण माझ्या काही कामाला आलं नाही. मला तोंड नव्हतं ना.

मला विकत घेतलं वैभवीनं. रीडिंग शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती मोठमोठ्या कामांची वेळापत्रकं आखते, आणि दर रविवारी स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना मराठी लिहायला शिकवते. बाई मनापासून काम करणारी, यात शंका नाही. ऑगस्टचे चार दिवस तिनं मला जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि रंगीत पेनांनी अख्खं वर्ष भरून काढलं. हिरव्या रंगात जोडाक्षरं नि वाक्यं, मग परिच्छेद. जानेवारीपासून निळ्यात वर्णन, अनुभव, गोष्ट. ईस्टरनंतर जांभळ्यात निबंध, आणि सगळ्यात शेवटी, जूनच्या दुसऱ्या रविवारी, पत्र. माझ्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘वर्गात फक्त मराठी’. मी खूश होतो. दुकानात तीन महिने कोरा पडून राहिलेल्या मालाला असं भरून यावं, आणखी काय हवं असतं?

पहिल्या रविवारी मला हॉलच्या भिंतीवर लावून तिनं बारा मुलांना पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटल्या. यंदा तुम्हाला काय लिहायला यायला हवं, ते लिहा म्हणाली. कुणी फुटबॉल लिहिलं, कुणी ‘काही नको’. ईडन नावाची मुलगी मात्र बराच वेळ लिहीत होती. तिची चिठ्ठी अशी होती: ‘आजीला पत्र. लवकर.’

ईडनच्या घरचे लोक मुंबईहून आलेले मराठी ज्यू. तिचे वडील ऍलन मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. आजी मिरियम लंडनच्या स्टॅनमोर भागात राहते. ईडनच्या जन्मापासून दर वाढदिवसाला तिनं नातीला कार्डावर चार ओळी मराठीत लिहून दिल्या. बारा वर्षांची बारा कार्डं बुटाच्या खोक्यात जमली, आणि एकाचंही उत्तर कुणी दिलं नव्हतं. ईडन शिकायला आली ती त्या उत्तरासाठी.

वैभवीनं चिठ्ठी वाचली, हसली, आणि उचलून माझ्या जूनच्या चौकोनावर चिकटवली. ‘लवकर’ हा शब्द तिनं वाचला, पण त्याचं कारण विचारलं नाही. मीही ती चिठ्ठी मोठ्या ऐटीत छातीवर घेतली.

नोव्हेंबरात ईडन वर्ग सुरू व्हायच्या आधी माझ्यापाशी आली. जूनवर बोट ठेवून उलटे चौकोन मोजले आणि विचारलं, "वैभवीमावशी, पत्र आधी होईल का?"

"होणार ना बाळा. पण पत्र परिच्छेदावर डिपेंडंट आहे. मधलं सोडून कसं चालेल?"

ऑफिसात हेच उत्तर बरोबर असतं. ईडननं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

फेब्रुवारीत तिनं पुन्हा विषय काढला, या वेळी भर वर्गात, उभी राहून. म्हणाली, "माय ग्रॅनीज आइज आर..."

"मराठीत, ईडन," वैभवी म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली.

"आजीचा डोळा... आजीचा डोळा..." पुढचे शब्द तिच्याकडे नव्हते. मागच्या बाकावर दोघं खुदकन हसले. वैभवीनं त्यांना गप्प केलं आणि ईडनला म्हणाली, "पुढचे शब्द शोधून ठेव, पुढच्या वेळी सांग." पुढच्या रविवारी हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी होती. त्यानंतर ईडननं विचारलंच नाही. त्या सुट्टीचा माझा चौकोन कोरा होता, अगदी वैभवीच्या नजरेसमोर.

जून आला तेव्हा चिठ्ठीचा डिंक वाळला होता. वैभवीनं ती टेपनं पुन्हा लावली. त्या रविवारी ईडननं अर्धं पान पत्र लिहिलं, चारदा खोडून. वैभवीनं दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी ऍलन आत आले. एरवी ते गाडीतच बसून असतात. मुलं डबे उघडत होती. ते वैभवीला म्हणाले, "पत्र दिलं आईला. पण तिला मार्चपासून अक्षरं दिसत नाहीत. डॉक्टर गेल्या ऑगस्टलाच म्हणाले होते, नजर जाणार. आय थॉट ईडननं सांगितलं असेल."

वैभवीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"ईडननं वाचून दाखवलं. आई कागद हातात घेऊन बसली. मग विचारलं, 'अक्षर कसं आलंय गं? गोल आलंय का?'"

"मग?"

"ईडन म्हणाली, 'गोल आलंय, आजी.'"

ते गेल्यावर वैभवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फडक्यानं आधी लाल ओळ पुसली. डाग राहिला थोडा. मग जूनवरची चिठ्ठी सोडवून पर्समध्ये ठेवली.

आता जुलै संपलाय. मला उतरवून वैभवीच्या घरी कपाटामागे उभं केलंय, आणि टेबलावर पुरुषोत्तमकाकांच्याच दुकानातला नवा भाऊ पसरलाय. कपाटाच्या फटीतून मला दिसतं. त्याच्या पहिल्या रविवारी ती पिवळी चिठ्ठी आहे, आणि पुढचे चार रविवार वैभवीनं अजून मोकळे ठेवलेत. मुलं येऊन सांगतील, मग भरणार म्हणे.

शिकवणाऱ्यांनो, तुमचा तक्ता जरूर आखा, पेनं रंगीत असू द्या. पण पोरानं काही मागितलं, तर ते कधीपर्यंत हवंय हे विचारा, आणि उत्तर त्याला ज्या भाषेत येईल त्या भाषेत देऊ द्या.

माझं म्हणाल, तर माझा ऑगस्ट अजून बाकी आहे. एकतीस चौकोन, सगळे कोरे. ईडनला असा एकच हवा होता, आणि तो फेब्रुवारीत हवा होता.