कानसेनचा कान

डॉक्टरीणबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "त्या गेल्या." कानसेनला ऐकू आलं, "त्या आल्या." तो लगबगीनं उठला, शर्ट सारखा केला आणि बायको बाहेर येईल म्हणून दाराकडे बघत राहिला. मुलीनं त्याचा दंड धरला. "बाबा, आई गेली," ती म्हणाली, तेव्हा कुठे कळलं.

त्यानं असा घोटाळा करावा, म्हणजे कमालच. बाजारात येणाऱ्या मालाच्या नावांची नोंदणी करून देणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात त्याची हयात गेली होती. नवं नाव जुन्या नावासारखं ऐकू येतं का, त्यामुळे गिऱ्हाईक फसेल का, एवढंच त्यानं सांगायचं. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून ऑफिसात सगळे त्याला कानसेन म्हणत.

पण तो कान त्याचा नव्हताच. दिवसभर नावं वाचणाऱ्याला ती वेगळीच वाटणार. तो घरी जायचा आणि बाहेरच्या खोलीतून नाव पुकारायचा. आत बायको नळ सोडून भांडी घासत असायची.

"अगं, नितळा!"

"पितळा? कोण पितळा?"

"नितळा, नितळा. भांड्यांचा साबण आहे."

"मग तोंड उघडून बोला की. बघा, तुमचंच पितळ उघडं पडलं!"

झालं. 'पितळा' नावाची भांडी घासायची पावडर आधीच बाजारात होती. साबणवाल्यांना दुसरं नाव शोधावं लागलं, आणि कानसेनची पाठ थोपटली गेली.

ती गेल्यावर तो कामावर परतला, तर ऑफिसात एआय आलेलं. वकीलबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काका, हे दोन नावं घेतं आणि किती सारखी ते सांगतं. पण अजून पुस्तकी आहे. तुमचा कान यात उतरवा, म्हणजे आपण सुटलो."

"तुम्ही सुटाल. मी?"

"तुम्ही कुठे निघालात? त्याला चूक म्हणायला कुणी नको?"

तो शिकवू लागला. वाहत्या पाण्यात पहिलं अक्षर बुडतं, शेवटचं तरंगतं. घाईत जोडाक्षर सुटतं. पोटात भूक असली की कुठलंही नाव खाण्याच्या वस्तूचं वाटतं. यावर वकीलबाई खळखळून हसल्या.

"एवढं बारीक तुम्हाला सुचतं कसं, काका?"

हेच त्याला इतके दिवस खुपत होतं. तिचा कान आता कायमचा त्याच्या नावावर चढणार होता.

"मला नाही सुचत," तो म्हणाला. "आमच्या घरी ऐकायची. मी नुसता ओरडायचो."

वकीलबाई म्हणाल्या, "शिकवणाऱ्यांची नावं असतात यात. तुमच्या जागी त्यांचं घालू या."

त्यानं नाव टाइप केलं. एकेक अक्षर तपासलं. यंत्रानं उच्चार मागितला.

"मी म्हणू?" वकीलबाईंनी विचारलं.

"नको. माझं काम आहे ते."

तो माइकपाशी वाकला. सगळ्या संसारात त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. एका हाकेत यायची. त्यानं घसा खाकरला.

"अगं," तो म्हणाला.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'सामान्य शब्द. नोंदणीस अपात्र.'

वकीलबाईंनी तोंडावर हात धरला.

"बरोबर आहे त्याचं," कानसेन म्हणाला. "अशा हाकेला कुणाचीही बायको ओ देईल."

"राहू दे काका. उद्या करू."

"उद्या करू," तोही म्हणाला.

यंत्र आता चांगलं ऐकतं. शिकवणाऱ्यांत तिचं नाव आहे. उच्चार मात्र अजून द्यायचा राहिला आहे.