ढमीला कुरूप झालंय

मी ढमी बोलतेय. आवाज घोगरा वाटला तर समजून घ्या. आत्ताच अंडं घातलंय. अंडं घालणं सोपं असतं, त्याची दवंडी पिटताना घसा बसतो.

मी एक कोंबडी. रंगानं तपकिरी, अंगानं भरलेली. मावशी मला ढमी म्हणते ते प्रेमानं, असं मी धरून चालते. मावशी शिवणकाम करते. तिच्याच कामाच्या खोलीत, बटणांच्या खोक्यात, पिवळ्या बल्बखाली माझा जन्म झाला. त्यामुळे आई म्हटलं की मला साठ वॉटचा उजेड आठवतो आणि अंगाई म्हटलं की मशीनची घरघर.

मावशीची भाची लांब शिकायला गेली होती, ती सहा वर्षांनी परत आली. समाज कसा बदलावा, हे तिकडे शिकवतात म्हणे. येताना तिला वाटलं होतं, मागच्या अंगणात सात दीनवाण्या, पिचलेल्या कोंबड्या तिची वाट बघत असतील. सापडल्या आम्ही! सात गलेलठ्ठ बायका. पहिल्याच मिनिटाला आम्ही तिच्या बुटाची नाडी गांडूळ समजून ओढली. तिला वाटलं होतं, मावशी डोळ्यांत पाणी आणून "आलीस गं बाळा" म्हणेल. मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. ती म्हणाली, "उम्म."

पण पोरगी खचणारी नव्हती. तिसऱ्याच दिवशी तिनं आमचं खुराडं सुधारायला घेतलं. खालची माती, भुसा, पालापाचोळा सगळं उपसून बाहेर आणि त्या जागी सिमेंटचा कोबा. "स्वच्छता हा त्यांचाही हक्क आहे, मावशी!" मग आमची बसायची दांडी गुडघ्याच्या उंचीवरून थेट छपराला नेऊन भिडवली. "त्यांनीही उंचावरून जग बघावं!"

"पुढारीणबाई," मावशी म्हणाली, "त्यांचे दाणे खाली असतात."

तेव्हापासून पोरीचं नाव पुढारीणबाई पडलं.

मी जग बघितलं. शेजाऱ्यांची वाळत घातलेली बनियनं दिसतात, बाकी काही नाही. रोज सकाळी मात्र तिथून खाली यायचं. माझ्यासारख्या वजनदार बाईनं कोब्यावर उडी मारायची म्हणजे धप्प! पंधरा दिवसांत डावा पाय ठणकायला लागला. तळव्यावर काळी खपली धरली, भोवती सूज आली. मी एका पायावर उभी राहायला लागले. पुढारीणबाईला वाटलं, मी ध्यानाला बसतेय.

मावशीनं मला उचललं, उलटं केलं, चष्मा लावून पाहिलं आणि परत मशीनवर जाऊन बसली. दोरा ओवता ओवता म्हणाली, "ढमीला कुरूप झालंय."

पुढारीणबाई ताडकन उठली. "मावशी! असं म्हणू नये."

"म्हणू नये काय? झालंय."

"कोणी ठरवलं?"

"मी. चष्मा लावून."

"रूप बघणाऱ्याच्या नजरेत असतं गं. ती आहे तशी छान आहे."

"असू दे की छान. पण वाढत गेलं तर कापावं लागेल."

"कुरूप आहे म्हणून कापणार?"

"मग काय मिरवत ठेवू?"

आता, पायाला टणक गड्डा होतो त्याला कुरूप म्हणतात, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. पण सहा वर्षं दुसऱ्याच भाषेत जेवलेल्या-झोपलेल्या त्या पोरीच्या डोक्यात कुरूप म्हणजे एकच, दिसायला वाईट. मावशी "झालंय" म्हणाली होती, "झालीय" नाही. तेवढ्या एका वेलांटीकडे तिनं लक्ष दिलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

त्याऐवजी माझा आत्मविश्वास वाढावा म्हणून तिनं खुराड्यात आरसा टांगला. आरशात एक जाडजूड, आगाऊ बाई बसली होती. सारखी माझ्याकडे टक लावून बघायची. मी दोन दिवस तिच्याशी भांडले, तेही दुखऱ्या पायावर. ती काही हटेना. पुढारीणबाईनं 'तू सुंदर आहेस' अशी चिठ्ठीही लावली होती. मला वाचता येत नाही, म्हणून मी ती खाल्ली. बरी होती.

तिसऱ्या दिवशी मी बसले ती उठलेच नाही. दाणे समोर पडलेले, तरी उठले नाही. माझ्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

मावशी दारात उभी राहून बघत होती. "रविवारपर्यंत वाट बघते," ती म्हणाली. "चालली तर ठीक. नाहीतर सुरी. जनावराला तसंच कुढत ठेवणं मला जमत नाही, आणि वाया घालवणं तर त्याहून जमत नाही."

पुढारीणबाईचा चेहरा पांढराफटक. "मावशी, नुसत्या दिसण्यावरून..."

"दिसणं गेलं चुलीत!" मावशीनं मला उचलून तिच्या नाकासमोर उलटं धरलं. "पाय बघ, पाय! हे कुरूप!"

मी उलटी लटकत होते, तरी मला दिसलं की पोरीचे कान लाल झाले.

"कुरूप म्हणजे... हे?"

"मग तुला काय वाटलं?"

तिनं काय वाटलं ते सांगितलं. मावशी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "अगं, आणि तो आरसा! मी म्हटलं, पोरीला वेणी घालायला लागत असेल!" मला हसू आलं नाही. रविवार पाच दिवसांवर होता.

पुढारीणबाई धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांचे हात म्हशीच्या मापाचे, पण धरलं अगदी अलगद. त्यांनी माझा तळवा अंगठ्यानं चाचपला, हुंगलासुद्धा. मीही कधी कोणाचा हुंगला नाही.

"हे कुरूप नव्हे," ते म्हणाले. "कुरूप असं तापत नाही. इथे हात लावून बघा, चटका लागतोय. तळवा आपटून चीर पडली, घाण आत गेली, आता पू घट्ट झालाय. ही रोज उतरते कुठून?"

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं.

"एवढी उंच? आणि खाली कोबा? कोणा शहाण्याचं काम?"

मावशीनं तोंड उघडलं. म्हटलं, आता पोरीची काही खैर नाही. पण मावशीला बोलू न देता पोरगीच म्हणाली, "माझं." इतक्या बारीक आवाजात मी तिला पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

तासाभरात दांडी खाली आली, कोब्यावर वीतभर कोरडा भुसा पडला. मग एक घमेलं आलं. त्यात कोमट पाणी, पाण्यात मीठ आणि मिठात माझे पाय. सुरुवातीला मी बोंब ठोकली. दोन मिनिटांनी डोळे मिटले. स्वर्ग घोट्यापर्यंत असतो, हे मला तेव्हा कळलं. बाकीच्या सहाजणी लगेच लंगडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिजून मऊ झालेली खपली काढली आणि आतून वाटाण्याएवढा पिवळा खडा बाहेर आणला. पुढारीणबाईनं मला टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं होतं. मी एकदा ओरडले. ती तीनदा. वर तपकिरी औषध, पट्टी आणि पट्टीवर मावशीनं शिवलेला बूट. गिऱ्हाइकाच्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा, आत अस्तर, वर इलॅस्टिक. "मापं घेताना चोच मारली तर पैसे जास्त पडतील," मावशीनं मला बजावलं.

रोज पाणी, रोज नवी पट्टी. पहिल्या दिवशी पुढारीणबाई पट्टी बांधताना समाजाबद्दल बोलत होती. दुसऱ्या दिवशी माफी मागत होती. तिसऱ्या दिवसापासून गप्प बसून नुसती बघायला लागली. सूज किती, लाली कुठवर, हाताला ऊन लागतंय का.

रविवार उजाडला. मावशीनं अंगणाच्या पार त्या टोकाला दाणे टाकले. मग सुरी दगडावर घासायला घेतली. खस्स, खस्स. पुढारीणबाई जमिनीवर पालथी झोपली, हनुवटी मातीत, आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "ढमे, ऊठ. माझी चूक आहे गं, तू कशाला भोगतेस?"

उठले. पहिलं पाऊल तिच्यासाठी टाकलं, दुसरं सुरीसाठी. तिसरं दाण्यांसाठी. चौथं कशासाठी ते आठवत नाही, तोंड भरलेलं होतं. बूट घालून मी कवायतीतल्या शिपायासारखी पाय उचलत होते, किंचित लंगडत होते, पण चालत होते.

"चालली की सटवी," मावशी म्हणाली आणि सुरीनं भोपळा चिरायला आत गेली.

पुढारीणबाई अजून तशीच पालथी पडली होती. तिनं मला पाहिलं, मग आत जाणाऱ्या मावशीच्या पायांकडे पाहिलं, मग परत मला. दोघींची चाल एकच. डावा पाय अलगद, सगळा भार उजव्यावर. आम्हा कोंबड्यांना हे वर्षभर माहीत होतं. आमची नजर माणसाच्या घोट्याशी असते. दिवसभर मशीनचं पायडल मारून संध्याकाळी मावशीचे पाय सुजतात, आणि तिच्या तळव्याला खरंखुरं कुरूप आहे. पण आम्हाला विचारतंय कोण?

आज सकाळी पुढारीणबाई दोन घमेली घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवलं. मी सवयीनं पाय उचलला. ती दुसरं घेऊन मला ओलांडून सरळ मशीनपाशी गेली.

"मावशी, पाय."

"अगं, गिऱ्हाईक येईल आत्ता."

"येऊ दे."

"कोंबडीच्या घमेल्यात मी पाय घालायची नाही!"

"नवं आणलंय."

यापुढे या घरात काहीही सुधारायच्या आधी सगळ्यांचे तळवे बघायचे, असं तिनं आज ठरवलंय. सुरुवात मावशीपासून. मावशी आधी चिडली, मग कण्हली, आणि आता डोळे मिटून बसलीय. टाचण्या परत तोंडात आहेत.

निर्णय उत्तम आहे, माझा विरोध नाही. फक्त तुमच्यापैकी कोणीतरी तिला एवढं सांगा, की माझं पाणी निवतंय.