काचेखालचं पान

मी देवळाली प्रवरेला पोचले तेव्हा बाबांना पुरून दोन दिवस झाले होते. तार नागपूरला वेळेत मिळाली होती, पण मनमाडला पुढची गाडी चुकली. रतनआत्या, बाबांची थोरली बहीण, ओट्यावर बसली होती. मला पाहून ती उठली नाही, रडलीही नाही.

"आलीस मरिया? लई वाट पाहिली पेटी झाकायला," ती म्हणाली. "पर ह्या उन्हात मानूस किती येळ ठिवायचं?"

आईच्या वेळीही मी उशिराच पोचले होते. शेहेचाळीस साल होतं, मी सहा वर्षांची, नगरला मुलींच्या बोर्डिंगात. मला आणलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. हे मला आठवत नाही, बाबांनी सांगितलेलं आहे. त्यावरून मी त्यांच्यावर सव्वीस वर्षं मनातल्या मनात राग धरला आणि गेल्या दसऱ्याच्या सुमारास तो एकदाचा कागदावर उतरवला. "तुम्ही मला आईचं तोंड पाहू दिलं नाहीत. मी लहान होते, पण तेवढी लहान नव्हते." बाबा माझ्या पत्राला आठ दिवसांत उत्तर देत. ह्या पत्राला उत्तर आलं नाही. नाताळ गेला, नवं त्र्याहत्तर साल लागलं, आणि मग तार आली.

आईचा एकच फोटो घरात होता. आमच्या लोकांत पुरण्याआधी पेटीभोवती उभं राहून फोटो काढतात, तो. डाव्या बाजूला काळा कोट घातलेले बाबा, मध्ये तिरकी टेकवलेली उघडी पेटी, आणि उजव्या बाजूला आईच्या डोक्याशी एका उंच फुलदाणीत गुलाब. आईचे डोळे उघडे होते. फोटोवाले तेव्हा ब्रशाने डोळे काढून देत, म्हणजे माणूस जिवंत वाटावं. ते डोळे एकसारखे होते, गोल होते, आणि खोलीत मी कुठेही गेले तरी माझ्याकडे पाहत. लहानपणी मी सुट्टीला आले की त्या भिंतीकडे पाठ करून जेवत असे. फुलदाणी कुणाकडून आणली होती ते मला कधी कळलं नाही. विचारलं की बाबा विषय बदलत.

बाबांनी, गावाच्या आमोस मास्तरांनी, पस्तीस वर्षं मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांची खोली आवरताना खाटेखाली एक पालथी पत्र्याची ट्रंक दिसली. वरून घोंगडी घातलेली. उचलली तर आतून ओल्या मातीचा वास आला. तुपाच्या जुन्या डब्यात जिरॅनियमचं रोप होतं, आईनं मिशनच्या बंगल्यातून फांदी आणून लावलेल्या झाडाच्या फांदीची फांदी. पानं फिकट पडली होती आणि देठ लांबट होऊन उजेड शोधत एका बाजूला कलले होते. डब्याशेजारी जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली काच होती, पोस्टकार्डाहून लहान. आणि वही.

वहीत बाबांचं अक्षर. शेवटच्या दिवसांत ते थरथरत होतं, तरी ओळी सरळ होत्या.

"मंगळवार. रोप अंधारात ठेवले. गुरुवारपर्यंत पानातले पीठ संपेल. शुक्रवारी काच लावणे. सकाळी आठ ते बारा. दुपारचे ऊन नको, काचेखाली पान भाजते. संध्याकाळच्या आत उकळणे. हे मरियाला दाखवायचे आहे. तोंडाने सांगणे मला जमत नाही."

बाबा गुरुवारी पहाटे गेले होते.

मी काच खिडकीशी धरली. फोटोची मूळ काच होती ती, सगळं उलटं दिसणारी. बाबांचा कोट पांढरा, आईचं पातळ काळं. आईचा चेहरा नखाएवढा, आणि त्यावर धुरासारखा एक पट्टा. फुलदाणी नव्हतीच. तिच्या जागीही असाच एक काळपट डाग होता. काचेला ओल लागली असणार, असं मी धरलं. पण ह्या काचेवर ब्रश फिरलेला नव्हता. त्या पट्ट्याखाली आईचं खरं तोंड होतं, आणि ते पाहायचा रस्ता बाबांनी लिहून ठेवला होता. राहुरीला फोटोवाल्याकडे काच देता आली असती. मला ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

दुसरा दिवस रविवार. आत्या चर्चमध्ये उपासनेला निघाली तेव्हा मी अंगणात रोप मांडत होते.

"बाप जाऊन चार दिस झालं न्हाईत," ती म्हणाली, "आन तू देवाच्या घरी यायचं सोडून झाडाशी खेळतीस व्हय?"

"बाबांनीच सांगितलंय आत्या."

"त्यानं काय, त्यो पाळकाला बी पेरणीचा धडा शिकवायचा." ती फाटकापाशी थांबली. माझ्या हातातली काच तिनं पाहिली. मग फाटक ओढून घेऊन निघून गेली. नंतर मला वाटलं, तेव्हाच तिनं काही बोलायला हवं होतं.

सर्वांत मोठं पान मी लाकडी फळीच्या तुकड्यावर पसरलं, देठ न मोडता. वर काच ठेवली, कडांना काळा कागद, आणि कपड्यांचे चार चिमटे. आठ वाजले होते. त्या वर्षी आकाशात ढग म्हणून नव्हता. ऊन होतं ते किती, नुसतं वाया जात होतं. कालव्याला पाणी नव्हतं, उसाचे वाफे पांढरे पडले होते. मी टँकरच्या पाण्यातला अर्धा तांब्या डब्यात ओतला.

मी चौथीत असताना बाबांनी मला कालव्यातल्या पाणवनस्पतीचं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. विटांसारख्या पेशी, आणि प्रत्येकीत हिरवे कण, भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू फिरणारे. "हे बघ, कुणी ढकलत नाही, तरी चाललेत," ते म्हणाले होते. त्या कणांवर ऊन पडलं की ते पाणी फोडतात. "आपण श्वासात घेतो तो प्राणवायू त्या फुटलेल्या पाण्यातला आहे, मरिया. पूर्वी लोकांना वाटायचं की तो हवेतल्या कर्बवायूतला. आता सिद्ध झालंय, पाण्यातला." पाण्यातलं जे उरतं त्यात कर्बवायू मिसळून कण साखर करतात, आणि दिवसभराची जास्तीची साखर तिथेच, स्वतःच्या पोटात, पिठाच्या दाण्यांसारखी साठवतात. रात्री ती विरघळवून मुळांकडे, शेंड्याकडे पाठवतात. "सकाळी पान कोरं. काल कुठे ऊन पडलं आणि कुठे सावली होती, त्याला काही ठाऊक नसतं."

मी ओट्यावर बसून चार तास त्या काचेकडे पाहत राहिले. पानात ह्या क्षणी काय चाललंय ते मला माहीत होतं. जिथे काच निर्मळ, तिथे ऊन आत शिरतंय, पाणी फुटतंय, पीठ साठतंय. जिथे काच काळी, तिथल्या पेशी अंधारात उपाशी आहेत. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बाराला काच काढली तेव्हा पान होतं तसंच, सगळीकडे सारखं हिरवं.

पान खुडलं. आधी उकळत्या पाण्यात टाकलं, ते मऊ पडलं. मग स्टो विझवला, कारण स्पिरिट पेट घेतं, आणि स्पिरिटचा पेला त्या कढत पाण्यात ठेवून पान त्यात सोडलं. हिरवा रंग धाग्याधाग्यानं बाहेर आला. स्पिरिट हिरवं होत गेलं आणि पान पांढरं. पेल्यातून ते चमच्यावर घेतलं तेव्हा ते कागदासारखं कडक होतं, आणि त्याच्यावर कुणीही नव्हतं. कोमट पाण्यात धुऊन पांढऱ्या बशीत पसरलं. बाबांच्या औषधाच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन पाण्यात मिसळून वरून ओतलं; पीठ असेल तिथे ते निळं-काळं होतं.

पहिल्यांदा बाबा आले. कोट निळा-काळा, मग केस, मग मिशी. बाबा तिशीतले. त्यांच्यानंतर पेटीची कड. आईचं पातळ पांढरंच राहिलं, पण तिच्या केसांची रेघ उमटली. आणि उजव्या बाजूला, फुलदाणीच्या जागी, दोन वेण्या उमटल्या.

मी बशी हलवली. पाणी हललं, वेण्या हलल्या नाहीत.

पांढरा झगा घातलेली एक मुलगी पेटीला बिलगून टाचा उंचावून उभी होती. ती हलली होती, म्हणून तिची बाजू फिसकटलेली होती. तिचा हात लांब होऊन पेटीच्या आत गेला होता, सरळ आईच्या तोंडावर. काचेवरचा तो धुराचा पट्टा म्हणजे तो हात होता. आईचे डोळे दिसत नव्हते. ते माझ्या हाताखाली होते.

आत्या केव्हा परत आली मला कळलं नाही. ती मागे उभी होती, बायबल पोटाशी धरून.

"मी इथं होते," मी म्हणाले.

"हुतीस."

"बोर्डिंगात नव्हते."

"बोर्डिंगात मागून घातलं, म्हैन्यानं." ती खाली बसली. "तू तिचं डोळं उघडीत हुतीस. बोटानं. 'आई जागी हाय, आई जागी हाय' म्हनायचीस आन पापनी वर वडायचीस. एक डोळा उघडला बी. मंग तू बघितलंस." आत्यानं पदर तोंडाला लावला. "त्या दिसापासनं तुझी वाचा गेली. नाताळात बोललीस त्ये 'आई कुठं हाय' म्हनून. आमोस म्हनला, हिला काय बी आठवत न्हाई, तर न्हाई आठवू द्यायचं. तू बोर्डिंगात हुतीस असं सांगू म्हनला. शाळेत कुनाला खोटं बोलू द्यायचा न्हाई त्यो. तेवढं एक बोलला, आन जल्मभर त्याच्या घशात अडकलं."

"आणि फुलदाणी?"

"ती त्या फोटूवाल्या पुंजारामनं काढली तुझ्यावर. आन हाताच्या जागी डोळं काढलं."

मी भिंतीकडे पाहिलं. ते गोल डोळे नेहमीसारखेच माझ्याकडे पाहत होते. आईचं तोंड पाहिलेल्यांपैकी ते न आठवणारी घरात मी एकटीच होते. त्या दुपारी मी फार प्रयत्न केला. हाताची बोटं पापणीवर ठेवून पाहिली, माझ्याच. काहीही आलं नाही.

पान मी टीपकागदात दाबून ठेवलं. सोमवारी सकाळी उघडलं तर निळा रंग कडेनं तपकिरी होऊ लागला होता. वेण्या अजून होत्या.

त्याच दिवशी पुंजाराम आला, राहुरीहून सायकलवर. साठीला टेकलेला, बोटांना औषधांचे डाग. त्यानं पिशवीतून बाबांचा फोटो काढला. पेटी, भोवती शाळेतली माणसं, आत्या, आणि बाबा. त्यांचा चेहरा बारीक झाला होता. तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. मी तो बराच वेळ हातात धरला.

"हा कच्चा हाय, ताई," पुंजाराम म्हणाला. "डोळं उघडं करून देतो, चार दिस लागतील. आन तुमचा एखादा फोटू द्या. मास्तरच्या डोक्याशी जागा हाय बघा, तिथं तुमाला हुभी करून देतो. काय कळायचं न्हाई कुनाला. परगावच्या लेकीबाळी समद्या करून घेत्यात."

आत्या माझ्याकडे पाहत होती.

"डोळे तसेच राहू द्या," मी म्हणाले. "मिटलेले."

"बरं. तुमची मर्जी. आन तुमी?"

अंगणात जिरॅनियमचा डबा उन्हात होता. एक पान कमी झालं होतं, बाकीची दोन दिवसांत सावरून हिरवी होत होती. बाबांच्या डोक्याशी खरंच जागा मोकळी होती, एका माणसापुरती.

"मला नका उभी करू, पुंजारामकाका," मी म्हणाले. "मी तिथं नव्हते."