जरा जड दाखव

दिग्रसच्या बसस्टँडमागे गफ्फारचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. निवृत्त मास्तर पुंडलिकराव आपला म्हातारा कम्प्युटर ऑटोतून, मांडीवर घेऊन आले. विंडोज आता उघडायलाच तयार नव्हती.

"काका, लिनक्स टाकू. हलकंफुलकं," गफ्फार म्हणाला. "पेनड्राइव्हवर चालवून दाखवतो. पसंत पडलं तर टाकतो."

पहिलं लावलं पपी नावाचं लिनक्स. मास्तरांनी चष्मा पुसून चढवला तोवर पडदा हजर.

"पाहा, कसं पळून राह्यलं!"

"दुसरं दाखव."

मग अँटीएक्स. तेही तसंच तुरुतुरु.

"हे बी नाही? काहून?"

"जरा जड दाखव."

गफ्फारने हातातली पेनड्राइव्ह खाली ठेवली. "लोक स्पीडसाठी मले शिव्या देतात, काका. तुमचं उलटंच हाय."

उलटं होतं खरं. घरी मास्तर रोज सकाळी बटण दाबत आणि आत हाक देत, "लावला व!" की विमलताई चहाचं आधण ठेवत. कम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नाही. त्यांच्या लेखी ते चहाची वेळ सांगणारं यंत्र होतं. चहा उकळे, गाळला जाई, पिऊन होई. अख्ख्या गल्लीची उणीदुणी निघत, तरी पडदा उजळत नसे. उजळला की मास्तर त्यात डोकं घालत आणि बोलणं संपे. निवृत्तीनंतरचं नवरा-बायकोचं बरंचसं बोलणं असं विंडोजच्या कृपेने झालं. विमलताई मागच्या पोळ्याच्या आधी वारल्या. त्यानंतर काही दिवसांनी कम्प्युटरही बसला.

"मिंट हाय," गफ्फार नाइलाजाने म्हणाला. "पण या मशीनले धापा लागतील."

"लागू दे."

मिंट सुरू झालं, म्हणजे सुरू व्हायच्या विचारात पडलं. रिकामं बसवेना म्हणून गफ्फारने शेजारून चहा मागवला. घोट घेऊन तो म्हणाला, "काकी सुंठ टाकत होत्या न? मी मॉनिटर लावाले आलतो तवा पेलो होतो."

"सुंठ थोडी, बोलणं जास्त," मास्तर म्हणाले. "तू गेल्यावर म्हणे, पोरगं चांगलं हाय, पण बशीत चहा सांडते."

गफ्फारने बशी पाहिली. सांडला होता. दोघं हसले. मास्तर पुढे बरंच बोलले, आणि मध्येच पडदा उजळला. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"हेच टाक."

"टाकतो. वरतून रॅम वाढवून देऊ का? मंग हे बी पळंल."

पंगतीत वाढप्याला थांबवावं तसा मास्तरांनी कॅबिनेटवर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटण दाबलं, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "लावला व!" आणि सुंठीची डबी शोधायला स्वतःच आत गेले. बाहेर मशीन धापा टाकत होतं. घाई कोणालाच नव्हती.