अजमानमधली ऑर्म्सबीची पाटी

मित्रांनो, हजार वर्षांचा आंग्ल वारसा मी अंगाखांद्यावर मिरवते. अंग म्हणजे अ‍ॅक्रिलिक, खांदे म्हणजे चार स्क्रू. जन्म गेल्या मार्चमधला, शारजाच्या एका वर्कशॉपातला. मी शेजारच्याच अजमान शहरातल्या ‘ऑर्म्सबी रेसिडेन्स’ची पाटी आहे.

माझे मालक अंबादास मूळचे कोकणातले, इथे कॉन्ट्रॅक्टर. बिल्डिंग बांधली तर तुमचं नाव देईन, असा शब्द त्यांनी वडिलांना, तुकारामबाबांना दिला होता. त्यांच्या गावी रीतच तशी: ज्याने रान साफ करून पहिलं घर बांधलं, त्याच्या नावाची वाडी. पण बिल्डिंग उभी राहिली आणि साहेबांना वाडीची लाज वाटू लागली. त्यांनी इंग्लंडचा नकाशा उघडला, एका खेड्यावर बोट ठेवलं आणि मला बनवून घेतलं. मला गेटवर चढवून त्यांनी इतके सेल्फी काढले, की मलाच त्यांची कीव आली.

बाबा व्हिजिट व्हिसावर आले, ते इस्त्रीचा सदरा घालून थेट माझ्यासमोर.

"यात माझं नाव कुठाय?"

"बाबा, हे इंग्लिश नाव. क्लास वाटतो. पुढच्या बिल्डिंगला तुमचं, इन्शाल्ला."

नात उर्वीला शाळेत तेव्हा इतिहासात व्हायकिंग चालू होते. मोबाइलमधून मान न काढता ती म्हणाली, "पप्पा, इट्स व्हायकिंग. ‘बी’ मीन्स फार्म. ऑर्म्स फार्म, दॅट्स ऑल."

माझा वारसा मलाही तेव्हाच कळला. समुद्रापलीकडून व्हायकिंग, म्हणजे डेन लोक, जहाजांतून इंग्लंडात आले, आधी लुटलं, मग तिथेच नांगर धरला. ज्याचं शेत, त्याचं नाव. इंग्लंडातली ‘बी’वाली बरीचशी खेडी अशीच वसली.

"म्हणजे ऑर्मची वाडी!" अंबादासांची बायको सुलभा फिस्सकन हसली. "अहो, मग तुकारामवाडीने काय घोडं मारलं होतं?"

"तुला बिझनेस कळत नाही. वाडीत कोण भाड्याने राहतं?"

"हा ऑर्म कोण पण?" बाबांनी विचारलं. "त्यानं तुला शाळेत घातलं?"

अंबादासांनी घड्याळ पाहिलं. "यल्ला, चला, साइटवर जायचंय."

मित्रांनो, पाट्यांची निगा राखा. अधूनमधून फडकं मारा. ज्यांना बापाचं नाव झेपत नाही, त्यांची अब्रू आम्हीच झाकतो.

संध्याकाळी बाबा माझ्याखाली खुर्ची टाकून बसले होते. गावाहून त्यांच्या पत्नीचा, प्रभावतींचा फोन आला.

"अहो, लागलं का तुमचं नाव?"

बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. "बिल्डिंग मोठी आहे," ते म्हणाले. "टायरवाल्याच्या मागं."

अजमानमध्ये सगळे आमचा पत्ता तसाच सांगतात.