निळ्या फुलांचा गाऊन

"हे मधलं कापड कुठलं?"

सुनेने विचारलं, तेव्हा शिवणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. नवी गोधडी पलंगावर पसरून त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. परीक्षेचा पेपर चांगला गेलेली मुलगी निकालाला उभी राहावी, तशा.

"ते होय? अगं, तेच तर गोधडीचं काळीज! निळी फुलं बघ कशी उठून दिसताहेत. असं कापड आताशा मिळत नाही बाई. लोणी नुसतं."

सुनेने मधल्या चौकोनावर आधी बोट ठेवलं, मग सगळा तळवा. मग ती वाकली आणि तिने तिथे नाक टेकवलं. शिवणबाईंना वाटलं, पोरीने गोधडी उराशी धरली. इतक्या महिन्यांच्या शिवणकामाचं चीज झालं.

सून सरळ झाली. "धुतलंत?"

"म्हणजे काय! दोनदा. कढत पाण्यात, सोडा घालून. न धुतल्या कापडाला मी सुई लावीन होय?"

"माझ्या आईचा गाऊन होता हा, अहो आई."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. या घरात आल्यापासून ती सासूला 'अहो आई' म्हणायची. नुसती 'आई' एकच होती, आणि ती गेल्या हिवाळ्यात लांबलेल्या आजारपणात गेली होती.

शिवणबाईंचा जन्म इस्पितळाच्या कापडखोलीत गेला. फाटक्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे अंगरखे, जे येईल ते शिवायचं. नाव कुणी विचारलं नाही, शिवणबाई म्हणूनच सगळे हाक मारायचे. मोठे डॉक्टरसुद्धा जाता जाता म्हणायचे, "शिवणबाई, तुमचे टाके आमच्यापेक्षा बरे. तुमचं गिऱ्हाईक ओरडत तरी नाही." तिथे नियम एकच, आधी धुणं, मग शिवण. तो त्यांच्या हाडीमाशी असा खिळला होता, की घरी सदऱ्याला गुंडी लावायची झाली तरी त्या आधी सदरा भिजत घालायच्या.

नोकरी संपली आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. येताना शिवणयंत्र आणलं नाही, जागा नव्हती. सुया, दोरे आणि कात्री एका पत्र्याच्या डब्यात घालून आणली. गोधडी हाताने घालायची, तर डबा पुरे. मुलगा चेष्टा करायचा, "काय मालकीणबाई, चिंध्यांची कंपनी जोरात दिसतेय!" सून काहीच बोलायची नाही. आई गेल्यापासून तर स्वयंपाकघरात दोघी असूनही भांडीच काय ती बोलायची. शिवणबाईंना सांत्वनाचे शब्द कधी जमले नाहीत. त्यांना टाके जमायचे. म्हणून त्यांनी ठरवलं, हिच्यासाठी एक गोधडी घालायची, अशी की पांघरताना एकदा तरी ही म्हणेल, "किती छान झालीय!" एवढीच हाव होती. जास्त नाही.

मधल्या भागाला जुनं, मुरलेलं सुती कापड हवं होतं. त्यांनी मुलाला विचारलं. तो दारात बूट चढवत होता.

"आमच्या कपाटातला खालचा खण बघ ना. टाकायचेच कपडे आहेत ते. हवं ते घे."

"तिला विचारू का एकदा?"

"अगं, चिंध्यांना काय विचारायचं? घे बिनधास्त."

खणात तळाशी प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली. गाठ सोडताच खोबरेल तेलाचा, घामाचा आणि औषधाचा वास आला. शिवणबाईंनी तोंड फिरवलं. आजाराचा वास त्यांना ओळखू यायचा. न धुताच कोंबून ठेवलाय, हल्लीच्या मुलींना वेळ कुठे, असं म्हणत त्यांनी बादलीत कढत पाणी ओतलं.

आणि आता सून पलंगाशी उभी होती.

"गाठ मारलेली होती ना? मुद्दाम मारली होती मी. रोज नाही उघडायचे. संपून जाईल म्हणून." तिने ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "आमचं कपाट उघडलंत कशाला?"

तेवढ्यात मुलगा आत आला. काय झालं ते त्याने दोघींच्या चेहऱ्यांवरून आणि पलंगावरच्या निळ्या फुलांवरून ओळखलं. शिवणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. एक वाक्य, तेवढंच त्याने बोलायचं होतं.

"काय हे आई!" तो म्हणाला. "विचारायचं तरी एकदा."

शिवणबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तो नजर चुकवून हातातल्या किल्ल्या चाळवत होता. लहानपणी काच फुटली की असाच उभा राहायचा. आज खरं सांगितलं, तर या पोरीची आई तर गेलीच आहे, नवराही मनातून उतरेल. मग तिने बघायचं कुणाकडे?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी हात जातो कुठेही."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांना गोधडी शिकायची होती. शिकण्यापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या.

"काय म्हणाली सून? झाली का खूश?"

"मधल्या ओळी वाकड्या गेल्यात. उसवायला काढलीय."

"तुमच्या ओळी? वाकड्या? मग आमच्या काय नागमोडी म्हणायच्या!" मास्तरीणबाई हसल्या. "बरं, ती उशीच्या अभ्र्याची गोष्ट सांगा ना. तुम्ही सांगता तेव्हा हसून हसून पोट दुखतं."

ती गोष्ट शिवणबाईंनी शंभर वेळा सांगितली असेल. एक बाई नवरा गेल्यावर कापडखोलीच्या दारात आली आणि त्याच्या उशीचा अभ्रा मागायला लागली. शिवणबाईंनी तो धुऊन, इस्त्री करून, फाटलेला कोपरा शिवून तिच्या हातात दिला, तर तिने तो नाकाशी नेला आणि टेबलावर ठेवून निघून गेली. 'आभार राहिले बाजूला, वास घेऊन बघते, धुतलाय की नाही म्हणून!' इथे सगळे हसायचे.

"आठवत नाही आता," शिवणबाई म्हणाल्या आणि त्यांनी खाली मान घालून पुढचा टाका उसवला.

टाके बारीक होते, त्यांचेच होते. घालताना अभिमान वाटला होता, काढताना एकेक हाताला जड जात होता. खेचावं तर जुनं कापड टरकायचं. मधला चौकोन सुटला, मग त्याच्याभोवतीच्या पट्ट्या. कॉलर, बाह्या आणि खिसा डब्यात जपून ठेवलेले होते, कापडाचा तुकडाही फेकायची सवय नव्हती म्हणून. त्यांनी सगळं जुळवून पुन्हा गाऊन शिवला. पण कापलेल्या कडा जोडायच्या म्हणजे प्रत्येक शिवणीत थोडं कापड आत जातं. गाऊन अंगाला लहान झाला, एखाद्या पोरसवदा मुलीचा असावा तसा. दोरा निघाला, तरी सुईची भोकं फुलांवरून ओळीने तशीच राहिली.

सून कामावरून आली, तेव्हा त्यांनी गाऊन तिच्यापुढे धरला. इस्त्री केली नव्हती. तेवढं त्यांना कळलं होतं.

सुनेने घडी उलगडली. खिशात हात घालून पाहिला. मग गाऊन तोंडाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. शिवणबाई मनात म्हणाल्या, देवा, थोडा तरी. कॉलरच्या शिवणीत, खिशाच्या कोपऱ्यात, कुठे तरी.

"उन्हाचा वास येतोय," सून म्हणाली.

ती रागावली नव्हती. कपाटाशी जाऊन तिने ती जुनी पिशवी काढली, गाऊन तिच्यात ठेवला, हवा दाबून बाहेर काढली आणि तोंडाशी गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी, पहिलीपेक्षा घट्ट.

बाहेरच्या खोलीतून मुलाने हाक मारली, "आई, त्या गोधडीला मध्ये हे भलंमोठं भोक कसलं? बुजव की काहीतरी लावून. डबाभर चिंध्या आहेत तुझ्याकडे."

शिवणबाई बाहेर गेल्या. त्यांनी गोधडी त्याच्या हातातून घेतली, चार पदरी घडी घातली आणि आपल्या खाटेवर पायथ्याशी ठेवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्यापुरती होईल."