खाली पाहणारी आई

"चित्र उलटं टांग. सुलट बघशील तर ती बाई तुझ्याकडे बघेल, मग हात अडेल."

बाबांचा हा आवाज चिमीच्या कानात अजून होता. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, चिमीचे केस पांढरे झाले, पण त्या घरात चित्रं अजून उलटीच टांगली जात. डोकं खाली, पाय वर. परक्याला वाटावं, इथे माणसांना वाळत घालतात.

धंदा नकलांचा. कधीकाळी हिंदुस्थान फिरून गेलेल्या गोऱ्या साहेबांनी रंगवलेली माणसं, म्हणजे पागोट्यातला शिपाई, हुक्क्यापाशी बसलेला नवाब, साहेबाचं पोर कडेवर घेतलेली आयाबाई. समोर उलट्या टांगलेल्या छापील प्रतीवरून त्यांची हाताने हुबेहूब तैलचित्रं करायची. हॉटेलवाले नेत. नवश्रीमंत नेत आणि दिवाणखान्यात नवाब टांगून त्याला खापरपणजोबा म्हणत. चिमीला या सगळ्यांचाच तिटकारा, साहेबाचा जरा जास्तच. पठ्ठ्याने मखमल काय रंगवली होती, मोत्याचा दाणा न् दाणा वेगळा. पण माणसाच्या तोंडापाशी आला की एकच तपकिरी रंग आणि एकच खाली झुकलेली नजर. शिपाई दमलेला, आयाबाई दमलेली, नवाबसुद्धा दमलेला. घोडा तेवढा ताजातवाना.

घरात कामाची वाटणी ठरलेली होती. कपडे चिमीचे, चेहरे दादाचे. "चुण्या काय, बाईच्या हातात असतातच," असं दादा म्हणायचा आणि डब्यातला तयार तपकिरी रंग काढून भिंतीतलं भोक लिंपावं तसा चेहरा लिंपायचा. गल्ली त्याला मास्टर म्हणे. चिमी काहीच म्हणत नसे. ओठांवर आलेलं गिळायचं, कापडाला एक सुरकुती जास्त घालायची आणि पुढे जायचं.

आईची नजर चालली होती. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगेनात. तेव्हा आई म्हणाली, "जन्मभर या घरात परक्या बायांच्या तसबिरी झाल्या. दिसतंय तोवर माझी एक बघू दे."

दादाने छाती फुगवली. आईला काही उलटं टांगता येईना, म्हणून खुर्चीत बसवलं, खिडकीशी. आई बसली तीही कशी, ताठ, मान वर, दूधवाल्याचं माप बघावं तशी दादाच्या ब्रशवर नजर रोखून. याच नजरेपुढे घरमालक आले तसे जिना उतरून गेले होते, बाबांचा चढलेला आवाज निम्म्यावर आला होता. चिमी कोपऱ्यात नवाबाचा अंगरखा करत होती. तिला दिसत होतं, दादा आईकडे बघतच नाही. डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि हात निघाला आपल्या वाटेने, संध्याकाळचा बैल गोठ्याकडे निघतो तसा.

चित्र झालं. दादाने ते सगळ्यांकडे फिरवलं. साडी आईची, बांगड्या आईच्या, खुर्ची आईची. तोंड मात्र साहेबाच्या आयाबाईचं. नजर खाली. कडेवर पोर द्यायचं तेवढं राहिलं होतं.

"अगदी हुबेहूब सासूबाई," वहिनी म्हणाली. चिमीच्या मनात आलं, हिला सासू अशीच हवी होती.

आईने चित्र चांगल्या डोळ्यापाशी ओढलं. बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण रे?"

"तूच की."

"मग एवढी कुणाला भ्यायलेय मी?"

"भाव आहे तो, आई. सोशिकपणाचा. लोक यासाठीच घेतात चित्रं."

"काही हरवलंय का हिचं? जमिनीवर शोधतेय."

दादा हसला. हट्टी पोराची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "आई, तुला आता नीट दिसत नाही ना, म्हणून तसं वाटतंय."

आईने चित्र मांडीवर ठेवलं, त्यावरून बोटं फिरवली. म्हणाली, "असेल बाबा." आणि तिची मान हळूहळू खाली आली. चिमीने ती मान खाली आलेली जन्मात पाहिली नव्हती.

तिने नवाबाला तसाच अर्ध्या बाहीवर सोडला आणि उठली.

"तिला नीट दिसतंय, दादा. दिसत नाही ते तुला."

"चिमे, तू कपडे कर."

"तुला चेहरा येत नाही. एकही आला नाही आजवर. बाबांनाही येत नव्हता. ते मला परकरात असताना कळत होतं, आणि मी तुमच्या त्या डब्यातल्या तपकिरी तोंडांना बाह्या शिवत बसले."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने चित्राकडे. चिमीने ते आईच्या मांडीवरून उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि आईपुढे स्टूल ओढलं.

"मान वर कर, आई. मला तुझा चेहरा काढायचाय. लहान होते तेव्हापासून काढायचाय."